कावेरीची नोंद

“मी भिंतीआड बसतो, बाई. तिला कळनार बी न्हाई,” अधिकराव निकम म्हणाले. “तुमी रोजच्यासारका वर्ग घ्या. तिला एक धडा वाचाय लावा. मी आयकतो आन गुमान जातो.”

एप्रिलची एकोणतीस तारीख होती. सकाळची शाळा. व्हरांड्यात पहिलीच्या पोरांच्या बुटक्या बाकावर हा सहा फुटी माणूस गुडघे छातीशी घेऊन बसला होता. तमिळनाडूतल्या इरोडहून रेल्वेनं मिरज, मिरजेहून एसटीनं विटा आणि विट्याहून वडापच्या जीपनं आमची ढवळेवाडी. घरी बॅगसुद्धा ठेवली नव्हती, आधी शाळेत आला होता. आमच्या भागातली निम्मी घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला अशी देशभर पांगलेली आहेत. गलाईवाले म्हणतात त्यांना. वर्षातून एकदा येतात, जत्रेला नाहीतर लग्नाला. हा माणूस एक धडा ऐकायला आला होता.

“कावेरीला वाचायला लावू?” मी विचारलं. विचारलं कसलं, वेळ काढला.

“व्हय. चौथीला दुसरी कावेरी हाय का?”

दुसरी नव्हती. एकच होती, हजेरीत एकोणिसावी, खिडकीलगतच्या रांगेत तिसरी. आणि ती बोलत नव्हती. दहा महिने ती माझ्या वर्गात होती आणि तिच्या तोंडून मी साधं ‘हजर’ ऐकलं नव्हतं. नाव पुकारलं की हात वर करायची. लिहायची मात्र झकास, पेपरात कुठं बोट ठेवायला जागा नसायची. म्हणून मीही कधी खोलात शिरले नाही. अडतीस पोरांत जे पोर त्रास देत नाही, त्याच्याकडे बाईचं लक्ष जात नाही. हे खरं आहे आणि ते मी कबूल करते.

“अहो पण निकम, ती...”

त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. शर्टाच्या खिशातून फोन काढला, एक फोटो मोठा केला आणि माझ्यापुढं धरला. पहिल्या सत्राच्या प्रगतिपत्रकाचा फोटो होता.

‘कावेरीचा आवाज गोड व सुस्पष्ट आहे. प्रकट वाचन आत्मविश्वासाने करते. परिपाठात समूहगीताला पुढाकार घेते. मैत्रिणींशी मनमोकळा संवाद साधते.’

खाली सही. सु. भा. डुबल. म्हणजे मी.

आता ही भानगड उलगडून सांगायला हवी. आम्हा शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद लिहावी लागते. मुलाला पाहून लिहायची, असं कागदावर असतं. प्रत्यक्षात त्या नोंदींची तयार पुस्तकं दुकानात मिळतात. ‘स्वच्छतेची आवड आहे.’ ‘गृहपाठ वेळेवर करतो.’ वीस वर्षं मी त्यातूनच उतरवत आले होते, आणि मी एकटीच नव्हे. त्या वर्षी आम्हाला एआयचं प्रशिक्षण झालं. तीन दिवस, चहा-बिस्किटांसकट. बाकीचे मागच्या बाकावर पेंगत होते. मी पडले हौशी, नवीन काही आलं की सगळ्यांच्या आधी हात घालणार. दिवाळीआधी अडतीस नावं आणि अडतीस जणांचे गुण फोनमध्ये घातले आणि म्हटलं, लिही बाबा नोंदी. चहाला उकळी येईस्तोवर सगळ्या तयार! आणि काय ती भाषा! एकीसारखी दुसरी नाही. मी वरवर नजर फिरवली, छापून आणल्या, चिकटवल्या आणि धडाधड सह्या ठोकल्या. आमचे केंद्रप्रमुख माळवदे साहेब, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवरचा माणूस, त्यांनी तर मला डोक्यावरच घेतलं. एक मेला निकालाच्या दिवशी ते मला प्रशस्तिपत्र देणार होते, आणि जूनमध्ये बावीस शिक्षकांना मी हे शिकवायचं ठरलं होतं.

पुस्तकातल्या जुन्या नोंदी इतक्या मुळमुळीत असायच्या की कुठलेच आईबाप त्या वाचायचे नाहीत. सही करून पत्रक परत. ही नोंद मात्र एका बापानं वाचली होती, आणि ती इतकी छान होती की त्यानं ती खरी मानली होती.

“तिची आई गेली तवापास्नं ती गप हाय,” निकम म्हणाले. “दोन वर्सं झाली. कावीळ झाली, आठ दिसात संपलं. पोरगी सांभाळू का भट्टी सांभाळू, मला कायच सुदरंना. म्हून हितं भावाच्यात आणून ठिवली. रोज सांजंला फोन लावतो. मीच बोलतो. ती आयकती. तिचा श्वास तेवढा कळतो मला.”

“हं.”

“दिवाळीला वहिनीनं ह्यो फोटू धाडला. तिकडं आख्ख्या गल्लीला पेढं वाटलं म्या. तमिळ लोक विचारत्यात, काय झालं? म्हटलं, पोरगी बोलाय लागली.” ते हसले आणि मग फोनच्या काचेवरून उगाच अंगठा फिरवत राहिले. “मग हळूहळू ध्येनात आलं. म्हंजी ती बोलती. समद्यांसंगं बोलती, गाणं म्हणती. फकस्त माझ्यासंगं बोलत न्हाई. मी टाकून गेलो न्हवं तिला.”

त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. मी काय केलं? बांगड्या मागं सारल्या.

“मनात हुतं, चौथी झाली की घिऊन जायचं,” ते सांगतच होते. “तिकडं खोली बदलली, शाळा बघून ठिवली. आता न्हाई नेत. हितं तिचं तोंड उघडलंय, आता कशाला उपटायची तिला? पाचवीला हितंच हायस्कुलात नाव घालतो. मला काय, एकदा आवाज आयकला की बास. परवा सांजंची गाडी हाय माझी.”

“आज... आज पेपर तपासायचं चाललंय,” मी म्हटलं. “वाचनबिचन काही नाही आज. तुम्ही घरी जा, दमला असाल. बघू उद्या.”

ते लगेच उठले. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं. बॅग खांद्याला लावून फाटकापर्यंत गेले, तिथून वळून चौथीच्या खिडकीकडं एकदा बघितलं आणि गेले.

मी तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत. शिंगाडे गुरुजी निवृत्तीला आलेले, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हात्तिच्या! त्यात काय एवढं? सांगायचं, बापाला बघून लाजती म्हणून. हाय काय आन न्हाई काय.”

“गुरुजी, तो माणूस आधीच म्हणतोय की ती फक्त माझ्याशीच बोलत नाही. आणि मी त्याला सांगू, तुम्हाला बघूनच गप्प होते?”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. “परवा माळवदे साहेब येणार, सरपंच येणार. आत्ता हे उकरलंत तर तुमची शोभा, शाळेची शोभा. अडतीस नोंदी आहेत बाई तसल्या.”

“ते मला ठाऊक नाही का?” मी जरा जोरातच म्हटलं.

“मग मला कशाला विचारताय?” ते म्हणाले. ते चिडले नव्हते, खरंच विचारत होते.

खिचडीची सुट्टी झाली. पोरं ताटल्या धुवायला पळाली. मी कावेरीला वर्गात थांबवून घेतलं आणि तिचं प्रगतिपत्रक तिच्यापुढं ठेवलं.

“हे तू वाचलं होतंस?”

मान हलली. हो.

“दिवाळीतच?”

हो.

“अगं मग घरी सांगितलं का नाहीस, हे खोटं आहे म्हणून?”

विचारलं आणि जीभ चावली. पण तिनं वही ओढली, पेन्सिल घेतली आणि नेहमीच्या सुबक अक्षरात लिहिलं, ‘बाबा फोनवर हसले.’ थोडं थांबून त्याखाली लिहिलं, ‘आई गेल्यापासून हसले नव्हते.’

मी तिच्या बाकावर, तिच्या शेजारी बसले. दहा महिन्यांत पहिल्यांदाच बसले असेन. तिथून फळा तिरका दिसतो हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

“बाबा आलेत. माहिती आहे?”

तिनं खिडकीकडं बोट केलं. बघितलं होतं तिनं.

“तुला त्यांच्याबरोबर जायचंय?”

पेन्सिल बराच वेळ कागदाला टेकून राहिली. मग एकच अक्षर आलं, ‘हो.’ आणि लगेच घाईघाईनं पुढं, ‘पण सांगू नका.’ खाली दोन रेघा मारल्या.

नऊ वर्षांचं पोर, हो! मी पाच मिनिटांत उरकलेलं खोटं सहा महिने जपत बसलं होतं, का, तर बाप हसला म्हणून. आणि त्या खोट्यापायीच आता तिला इथं ठेवून बाप परत जाणार होता. मला माझी इतकी लाज वाटली की पदरानं तोंड पुसायचं निमित्त करून मी बाहेर आले.

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून फोन काढला. राग कुणावर तरी काढायचा होता. त्या एआयनं असं धडधडीत खोटं लिहिलंच कसं, ते बघायचं म्हणून दिवाळीतलं सगळं वर सरकवत गेले. अडतीस नोंदी सापडल्या. अडतिसावीच्या खाली आणखी काही ओळी होत्या. नोंदी उचलताना मी त्या सोडून दिल्या होत्या, कारण त्या चिकटवायच्या नव्हत्या.

‘मला फक्त नावे आणि गुण माहीत आहेत. म्हणून या नोंदी नमुन्यादाखल आहेत. प्रत्येक मुलाबद्दल तुम्ही स्वतः पाहिलेल्या दोन-दोन गोष्टी सांगितल्यात, तर त्या त्या मुलाची खरी नोंद तयार होईल.’

घ्या! ज्याच्यावर चिडायला बसले होते त्यानं मला तेव्हाच विचारलं होतं. मी उत्तर दिलं नव्हतं.

चार वाजता निकमांच्या घरी गेले. ऊन मी म्हणत होतं. कावेरीची चुलती, नंदाकाकू, अंगणात सांडगे घालत होती. तिनं हात धुऊन चहा टाकला. निकम खाटेवर होते आणि त्यांच्या पायाशी कावेरी, इरोडहून आणलेला मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, खात बसली होती. मला बघून तिचं खाणं थांबलं.

“कावेरी,” मी म्हटलं, “मी सांगणार आहे. तुझ्याबद्दल नाही, माझ्याबद्दल.”

ती उठून आत गेली. दाराआडून तिच्या परकराची कड दिसत होती.

मी सगळं सांगितलं. पुस्तकं, प्रशिक्षण, फोन, अडतीस नावं. कावेरी शाळेतही बोलत नाही, कुणाशीच नाही, कधीच नाही. निकम ऐकत होते. चहावर साय धरली तरी कुणी कप उचलला नाही.

“सही तुमचीच हाय न्हवं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“न बघता केली?”

“हो.”

“बाई, मी सहा महिनं तिच्यावर रुसलो.” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “कवा कवा दोन मिन्टात फोन ठिवून दिला. म्हटलं, जगासंगं बोलती, मग माझ्यासंगं का न्हाई? नऊ वर्साच्या पोरीवर रुसलो मी. तिची आई नसताना. तुमच्या त्या चार वळीवर इस्वास ठिवून.”

“भावजी, बाईंनी येऊन सांगितलं तरी,” नंदाकाकू मध्ये पडली. “दुसरं कुनी सांगितलं बी नसतं.”

“वहिनी, तुमी गप बसा.” ते उठले, दोनदा अंगणात जाऊन आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. “मग आता खरं काय ते लिवून द्या. तुमच्या हातानं. दहा महिनं ती तुमच्या डोळ्यापुढं हुती. माझी पोरगी कशी हाय, तेवढं मला सांगा. मला तर फोनातला श्वासच ठाऊक हाय.”

पर्समध्ये पेन होतं. कागदही होता. मी म्हटलं, “परवा देते. निकालाबरोबर.”

“आत्ता का न्हाई?”

“आत्ता मला माहीत नाही.”

एकतीस वर्षांच्या नोकरीत एवढं अवघड वाक्य मी दुसरं बोललेले नाही.

दुसऱ्या दिवशी, तीस एप्रिलला, कावेरी शाळेत आली नाही. बापानं घरीच ठेवून घेतली होती. मी खडू ठेवला, टेबलावर बसले आणि वर्गाला विचारलं, “कावेरीबद्दल कुणाला काय माहिती आहे, सांगा बरं.”

मला वाटलं, सगळे गप्प बसतील. कसलं काय! एकदम दहा-बारा हात वर.

“बाई, ती राष्ट्रगीत म्हणती. फक्त ओठानं.”

“बाई, ती खिचडीतलं वाटाणं कडंला काढून ठेवती आन शेवटी खाती.”

“नवा खडू दिला की आधी वास घेती, बाई.”

“मी पडलो हुतो तवा ती शेजारी यिऊन बसली. रडायचं थांबस्तोवर उठलीच न्हाई.”

“माझ्याबी शेजारी बसली हुती, आजा वारला तवा!”

मी लिहून घेत होते, पण हात पुरत नव्हता. हे सगळं माझ्यासमोर घडलं होतं. मी त्या वेळी काय करत होते कोण जाणे. बहुतेक ऑनलाइन माहिती भरत असेन.

“मुबीना, तू काहीच सांगितलं नाहीस,” मी म्हटलं. मुबीना मुलाणी कावेरीच्या पुढच्या बाकावर बसायची. वर्गातली सगळ्यात बडबडी कार्टी, आणि आज तोंड मिटून बसली होती.

“ते आमचं गुपित हाय, बाई.”

“बरं. मग राहू दे.”

तिला काही राहवेना. बाकावर चुळबुळ केली आणि शेवटी उठून आली. “ती माझ्या पाठीवर लिवती. बोटानं. मी वळखायचं. आमी दिवसभर बोलतो, बाई. तुमी फळ्यावर लिवत असता तवा.” मग जरा नाराजीनं म्हणाली, “पण कधी कधी ती असली गोल गोल अक्षरं काढती. ती मला येत न्हाईत. इचारलं की नुसती हसती.”

“हसते? आवाज करून?”

“व्हय. बारीक. तुमाला आयकू येत न्हाई.”

त्या दुपारी कावेरीची नोंद लिहिताना मी तीन कागद फाडले. फोन शेजारीच होता, त्याला सांगितलं असतं तर सुबक लावून दिलं असतं सगळं. नाही सांगितलं. माळवदे साहेबांचा फोन आला, “डुबल मॅडम, उद्या माइकवर चार नोंदी वाचून दाखवा, सरपंचांनाही कळू दे.” मी म्हटलं, “उद्या बोलते, साहेब.”

एक मे. झेंडा झाला. पोरं रांगेत, आईबाप पत्र्याच्या सावलीत. निकम मागं भिंतीला टेकून उभे, आणि त्यांच्या हाताशी कावेरी. साहेबांनी माझं कौतुक सुरू केलं, आधुनिक तंत्रज्ञान, केंद्रातली आदर्श शिक्षिका, वगैरे वगैरे. प्रशस्तिपत्र पुढं केलं. मी माइक घेतला.

“साहेब, हे मला नको. दिवाळीच्या प्रगतिपत्रकातल्या नोंदी मी मुलांना बघून लिहिलेल्या नाहीत. एआयला नुसती नावं आणि गुण देऊन करून घेतल्या आणि नीट न वाचता सह्या केल्या. चूक एआयची नाही, माझी आहे. पालकांनी त्या नोंदी खऱ्या मानू नयेत. ज्यांनी मानल्या, त्यांची मी माफी मागते.”

कुणालाच काही कळेना. सरपंचांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या आणि आजूबाजूला बघून थांबवल्या. साहेबांचा चेहरा उतरला. प्रशस्तिपत्राची गुंडाळी त्यांनी परत पिशवीत घातली आणि त्यानंतर दोन वर्षं ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. ते जाऊ दे.

निकाल वाटताना एकोणिसावं नाव आलं. कावेरी पुढं आली, पत्रक घेतलं आणि न उघडता बापाच्या हातात दिलं. मी वाटप चालूच ठेवलं, पण डोळे तिकडंच. निकम वाचत होते. सोनं गाळणारा माणूस, एकेक शब्दावर थांबत होता.

‘कावेरी वर्गात बोलत नाही. राष्ट्रगीत ओठांनी पूर्ण म्हणते. नवा खडू मिळाला की आधी वास घेते. खिचडीतले वाटाणे शेवटी खाते. कुणी रडत असलं की जाऊन शेजारी बसते, ते गप्प होईपर्यंत उठत नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीच्या पाठीवर बोटाने लिहून तिच्याशी गप्पा मारते आणि बारीक आवाजात हसते. कधी कधी गोल अक्षरं लिहिते. ती मैत्रिणीला वाचता येत नाहीत. मलाही येत नाहीत. हे सगळं मी फार उशिरा पाहिलं.’

मुबीनाचं गुपित फोडायला मी तिची परवानगी घेतली होती. तिनं एका अटीवर दिली, नाव घालायचं नाही.

सगळं आटोपल्यावर निकम टेबलापाशी आले. त्यांचं बोट एका ओळीवर होतं.

“ही गोल अक्षरं,” ते म्हणाले, “तमिळ हायती, बाई. तिकडं शाळंत शिकली ती. तिच्या आईला येत न्हवतं, बाजारात पंचाईत व्हायची. मग ही पोरगी आईच्या पाठीवर एकेक अक्षर काढायची आन आई वळखायची. तशी शिकली तिची आई तमिळ.”

सगळ्यांदेखत हा दांडगा माणूस हमसून हमसून रडायला लागला. कावेरी त्यांच्याकडं बघत होती. मग ती त्यांच्या शेजारच्या पायरीवर जाऊन बसली. त्यांनाही खाली बसावं लागलं. ते गप्प होईपर्यंत ती उठली नाही.

“ही माझी पोरगी,” शेवटी ते म्हणाले. “त्या फोटूतली कोन हुती कुनास ठाऊक. मला हिलाच न्यायचं हुतं.”

“मग न्या,” मी म्हटलं.

त्यांनी कावेरीकडं बघितलं. तिनं बोट उचललं आणि बापाच्या पाठीवर काहीतरी लिहिलं. काय, ते मला दिसलं नाही. त्यांनी मान डोलावली.

शाळा सोडल्याचा दाखला शिंगाडे गुरुजींनी तिथल्या तिथं, स्वतःच्या हातानं लिहून दिला. एरवी त्याला चार दिवस लावायचे. संध्याकाळच्या गाडीनं दोघं गेली. मुबीना आठवडाभर कुणाशी बोलली नाही, असं तिची आई सांगत आली होती.

ह्याला आता बारा वर्षं होतील. एआय आता शाळेत फळ्याइतकंच नेहमीचं झालंय, आणि मी ते वापरणं सोडलं असं नाही. मराठी, गणित, सरकारी अहवाल, सगळ्याला वापरलं. फक्त नोंदी करायच्या आधी प्रत्येक पोराच्या शेजारी एक दिवस जाऊन बसायचे आणि दोन गोष्टी लिहून काढायचे. निवृत्त होईपर्यंत तेवढं केलं.

कावेरी गेली त्याच्या पुढच्या वर्षी दिवाळीत निकमांच्या नंबरवरून फोनवर एक आवाजाचा निरोप आला. अकरा सेकंदांचा. मी करंजीच्या सारणात हात घालून बसले होते. कोपरानं बटण दाबलं.

एक मुलगी वाचत होती. आवाज गोड नव्हता, घोगरा होता, बरेच दिवस बंद असलेलं दार उघडावं तसा. “कावेरी वर्गात बोलत नाही,” तिनं वाचलं आणि थांबली. मागून कुणीतरी तमिळमध्ये काही म्हणालं, तिनंही तमिळमध्ये त्याला फाडकन दटावलं. मग तोंड फोनच्या अगदी जवळ आणून म्हणाली,

“बाई, ही नोंद आता बदला.”